लामेकोच्या पाठीवरचे साहेब

पश्चिमेचा वारा पडून दोन दिवस झाले होते, तरी समुद्राचं पोट अजून ढवळतच होतं. बेटाच्या कडेच्या खडपावर लाटा फुटत होत्या आणि पहाटेच्या हवेला ओल्या मिठाचा वास होता. लामेको आपल्या दुसऱ्या माडाच्या शेंड्यावर होता. कमरेला सुरी, खांद्यावर दोरीत ओवलेल्या करवंट्या. रात्रभर भरलेली करवंटी सोडवायची, पोयीचं, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक नखाएवढं सोलायचं, रिकामी करवंटी बांधायची आणि उतरायचं. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा हात लागला नाही, तर पोय आटते. मग नीरा नाही, आणि नीरा नाही तर घरात बायकोचं तोंड सुरू.

शेंड्यावर गेलं की आमच्याकडे गाणं म्हणायचं असतं. खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळावं, की वर माणूस आहे. लामेकोला गाणी दोनच येत आणि दोन्हींची चाल एकच होती. पण त्या दिवशी तो गात नव्हता, भाषणाची तालीम करत होता.

"आदरणीय मुखिया, आदरणीय खांबहो..."

"अहो, खांबांना काय हाका मारताय?" खालून ओलेपा, त्याची बायको, ओरडली. ती नारळाच्या सोडणांची चूल पेटवत होती. "खांबांना टेकून माणसं बसतात, त्यांना हाका मारा!"

"तू गप ग. सुरुवात आहे ती."

"सुरुवात चाळीस वर्षं ऐकतेय मी. शेवट अजून ऐकला नाही."

बेटावर कुणालाही विचारा, लामेको दोन गोष्टींसाठी ओळखला जातो, एक त्याची पाठ आणि दुसरं त्याचं तोंड. पाठ बापाकडून मिळाली, आणि त्या पाठीच्या जिवावर तोंड. ते कसं, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या दिवशी सदुसष्ट वर्षांचा म्हातारा कमरभर पाण्यात ओणवा होऊन पाऊण तास का उभा होता, ते कळायचं नाही.

आमच्या सभाघराला बारा खांब आहेत. एकेक खांब एकेका घराण्याचा. त्या घरातला वडीलधारा त्याच खांबाला पाठ टेकून बसणार, दुसऱ्याच्या नाही. आणि खांब म्हटला की त्याला काम आलं. एका खांबाकडे शंख फुंकायचा, एकाकडे कासव धरायचं, एकाकडे जेवणावळीत वाटे करायचे. काम असेल त्या खांबाला सभेत बोलायचा हक्क. ज्याला काम नाही त्यानं टेकून बसावं, खावं आणि माना डोलवाव्यात.

लामेकोच्या घराण्याचा खांब तीन पिढ्या मुका होता. पूर्वी त्यांच्याकडे वाटे करायचं काम असे. लामेकोच्या पणजोबानं म्हणे वाटे करताना कासवाची चरबी चोरली. लामेको म्हणतो, चोरली नाही, नुसती चाखली. चाखता चाखता संपली, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

मग एका वर्षी इंग्रजांचं पांढरं जहाज आलं. त्यातून गव्हर्नर उतरला आणि होडीत बसून खडपाच्या कडेपर्यंत आला. तिथून पुढे होडी येत नाही. तिथून किनारा दोनशे पावलं, कुठे गुडघाभर पाणी, कुठे कमरभर, खाली धारदार प्रवाळ. साहेबाच्या पायात पांढरे बूट, कमरेला तलवार. साहेब पाण्याकडे बघतोय, पाणी साहेबाकडे बघतंय. किनाऱ्यावर मुखियानं इकडेतिकडे पाहिलं. शंखवाला फुंकत होता, वाटेवाला डुक्कर कापत होता, आणि बाकीच्यांचं म्हणणं पडलं की दुसऱ्याला पाठुंगळी घेणं हे काही आमच्या खांबाचं काम नव्हे. रिकामा होता फक्त एती, लामेकोचा बाप. तो पाण्यात शिरला, होडीपाशी गेला आणि पाठ करून वाकला. साहेब चढला. वाटभर साहेबाची तलवार एतीच्या पोटरीवर टकटक करत होती. किनाऱ्यावर साहेबाला कोरड्या वाळूत ठेवून एती सरळ झाला आणि म्हणाला, "आता माझ्या खांबाला काम आहे."

नाही म्हणायची कुणाची छाती होती? त्या संध्याकाळी एतीचा खांब बोलला. तीन पिढ्यांचं साठलेलं होतं. शंखवाल्याची म्हणे मध्ये दोनदा झोप झाली.

लामेकोनं एकविसाव्या वर्षी बापाची जागा घेतली. त्यानं वाहिलेल्या साहेबांची नावं त्याला कधी नीट सांगता आली नाहीत, पण वजनं सगळी पाठ. एक होता चुळबुळ्या, दोनशे पावलांत चारदा बूड हलवलं. एक छत्रीवाला, स्वतःवर छत्री धरली आणि तिचं सगळं पाणी लामेकोच्या मानेत सोडलं. एक बिचारा इतका हलका, की लामेको मध्येच थांबून मागे बघे, साहेब आहे ना म्हणून. आणि एक टाच मारणारा, घोड्याला मारतात तशी. त्या साहेबाच्या वेळी लामेकोला खडपातला एकुलता एक मोठा खड्डा नेमका सापडला. तीस वर्षं जिथून डोळे मिटून जायचा तिथे पाय घसरला, आणि राणीचा प्रतिनिधी बुडापर्यंत भिजला.

"घसरलाच ना रे?" मी एकदा विचारलं.

"प्रवाळ वाढतं, बाबा," लामेको म्हणाला. "आज इथे, उद्या तिथे. त्याला काय सांगणार?"

माणूस कसा ओळखावा याचं त्याचं शास्त्र ठरलेलं. "तुम्ही साहेबाचं भाषण ऐकता," तो म्हणे, "मी त्याच्या मांड्या ऐकतो. भित्रा असेल तर गुडघ्यांनी फासळ्या आवळतो. चांगला असेल तर सैल बसतो आणि उतरल्यावर पाठीला हात लावतो. चाळीस वर्षांत दोघांनीच हात लावला."

पुढे झेंडा बदलला. इंग्रज गेले, राणी मात्र राहिली, आणि तिच्या जागी आमच्यातलीच माणसं गव्हर्नर जनरल म्हणून बसू लागली. लामेकोला तेव्हा धास्ती पडली होती, की आता आपली माणसं, ती चालतच येतील. पण म्हाताऱ्यांनी सभेत ठरवलं, राणीचा माणूस तो राणीचा माणूस. त्यानं आमच्या बेटावर ओलं पाऊल टाकलं तर लाज आमची. लामेकोचं काम राहिलं. फक्त आमची माणसं पुलाकाचे कंद आणि नारळाचं दूध खाऊन वाढलेली असल्यामुळे त्याला दोनदा वाटेत दम खावा लागला.

आणि मग या वर्षी ती बातमी आली. बेटावरचा बिनतारी संदेश मीच घेतो, म्हणून सगळ्यांच्या आधी मलाच कळली. नवे गव्हर्नर जनरल, सर सामासोनी वैसुआ, पहिल्याच दौऱ्यात आमच्या बेटावर येणार होते. आमचं म्हणजे त्यांचंच बेट. सामासोनी म्हणजे सामा, लामेकोच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. पंधरा वर्षांचा होईस्तोवर याच्याच घरात वाढला आणि याच्याच माडाखाली करवंट्या धरून उभा राहिला.

बेटभर आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

आमच्याकडे मामा म्हणजे डोक्यावरचं आभाळ. मामा बसला असेल तर भाचा त्याच्याहून उंच उभा राहत नाही, वाकून जातो. मामाच्या डोक्याला हात लावत नाही. मामाच्या पाठीवर बसणं तर सोडाच. आमच्या आज्या सांगायच्या, जो भाचा मामाच्या वर बसेल त्याचं पोट फुगेल आणि उतरणार नाही.

चार दिवसांनी दुसरा संदेश आला, तो घेऊन मीच लामेकोकडे गेलो. तो पडवीत चटईवर बसून सुरीला धार लावत होता.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. गव्हर्नर जनरल महोदय पाठीवर बसून येणार नाहीत. बेटाचे पुत्र म्हणून ते पायीच पाणी ओलांडतील.

लामेकोचा हात थांबला. "शिकलेलं पोर," तो हळूच म्हणाला. "मामाचा मान ठेवतोय."

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

"बरं कसलं? वाहिला नाही तर काम नाही. काम नाही तर..." त्यानं सुरी सभाघराच्या दिशेनं नुसती हलवली.

ते खरंच होतं. तो तसाच उठून मुखिया तेफोतोकडे गेला. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, एकाच चटईवर रांगलेले. तेफोतोनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि तोंड पाडायचा पुष्कळ प्रयत्न केला.

"नियम मी केलेला नाही, लामेको. काम गेलं की बोलणं गेलं. बापजाद्यांपासूनचं आहे."

"मेल्या, तू वाटच बघत होतास."

"असं कसं बोलतोस? तुझी भाषणं आम्हाला..." तेफोतो शब्द शोधत राहिला. "सवयीची झालीत."

"माझा बाप गेला तेव्हा मला काय म्हणाला ठाऊक आहे? खांब मुका होऊ देऊ नकोस. दुसरं काही म्हणाला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही."

खोटं कशाला सांगू, बेटावरच्या निम्म्या लोकांना लामेकोचा खांब मुका झालेला हवाच होता. त्याचं भाषण सुरू झालं की पोरं झोपत, पोरांच्या आया झोपत, आणि एका वर्षी तर भाजलेलं डुक्कर कुत्र्यांनी नेलं तरी कुणाला पत्ता नव्हता. पण त्या दिवशी तो तेफोतोच्या अंगणातून परत निघाला तेव्हा ती चाळीस वर्षं साहेब वाहिलेली पाठ पहिल्यांदाच म्हाताऱ्याची दिसली.

घरी ओलेपानं विचारलं, "आता?"

"मी जाणार. पाण्यात उभा राहणार, पाठ करणार. बघू कसा चढत नाही."

"आणि त्याचं पोट फुगलं तर?"

"गव्हर्नरांची पोटं फुगलेलीच असतात. मी वाहिलीत."

तर ती ही सकाळ. लामेको माडावरून उतरला, नीरा चुलीवर ठेवायला दिली, अंगाला तेल चोळलं, पांढरी लुंगी नेसला आणि किनाऱ्यावर आला. दहाच्या सुमाराला जहाजाची होडी खडपाच्या कडेला लागली. भरती नुकतीच उलटली होती. किनाऱ्यावर सगळं बेट जमलेलं, शंख वाजत होता, आणि आमचा एकुलता एक पोलीस ताठ उभा राहून घाम गाळत होता. लामेको पाण्यात शिरला. मी होडीचा दोर धरायला म्हणून त्याच्या मागोमाग गेलो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

होडीत सामा उभा होता. पन्नाशीचा, भरलेल्या अंगाचा, पांढरा कोट, सोनेरी बटणं, छातीवर बिल्ला. शेजारी इन्स्पेक्टर कापुआ, राजधानीचा चटपटीत गडी. साहेबांचा दौरा मिनिटामिनिटाप्रमाणे चालवायची जबाबदारी त्याची. हातात कागद.

लामेको होडीला पाठ करून वाकला. "या, महाराज. बसावं आपण."

"मामा!" सामा मटकन होडीत बसला. मामा वाकलेला असताना त्याला उभं राहवेना. "मामा, आपण काय म्हणता मला? मी सामा."

"आज आपण सामा नाही. आज आपण राणी. बसावं."

"मी कळवलं होतं, मी चालत येतो."

"राणी चालत येत नाही. मी बारा साहेब आणलेत इथून, एकही चालला नाही. एक तेवढा भिजला."

"मामा, तुमच्या पाठीवर कसा बसू? आई वरून बघत असेल."

"तुझी आई..." लामेको महाराज विसरला. "तुझी आई थोरली असूनही लहानपणी माझ्या पाठीवरून उतरायला तयार नसायची. बस मुकाट्यानं!"

"ती तुमची बहीण होती. मी भाचा आहे."

कापुआनं कागदावर बोट ठेवलं. "साहेब, दहा वाजून पाच मिनिटांनी मानवंदना आहे."

"मामाला सांग," सामा म्हणाला.

"मामासाहेब, दहा वाजून..."

"पोरा, तुझ्या घड्याळाला मांड्या नाहीत. मध्ये बोलू नकोस."

असं चाललं. हा म्हणतोय बसा, तो म्हणतोय नाही. सामानं पाण्यात उडी मारायला पाय उचलला की लामेको ओणव्यानंच तिकडे सरकायचा आणि वाट अडवायचा. खेकड्यासारखे दोघे, एक होडीत, एक पाण्यात, होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. किनाऱ्यावरून एवढंच दिसत होतं, की गव्हर्नर जनरल नाचतायत. शंखवाल्याला वाटलं आपणच थांबायचं विसरलो, म्हणून त्यानं आणखी जोरात फुंकायला सुरुवात केली.

इतक्यात होडीचा तळ खडपाला घासला. "सुकती लागली, पाणी उतरतंय," नावाडी म्हणाला. "पाव तासात निघालो नाही तर होडी इथेच अडकेल. उतरायचं तर उतरा, नाहीतर परत जहाजावर. मग उद्याच."

कापुआचा चेहरा त्या कागदासारखा झाला. उद्या जहाज दुसऱ्या बेटावर जायचं होतं.

लामेको हलला नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "सोड आता." तो पाण्याकडेच बघत म्हणाला, "सोडलं तर परत हातात येतं का?" त्याच्या नाकावरून घाम टपकत होता, आणि सगळाच घाम असेल असं मला वाटलं नाही.

तेवढ्यात मागे पाण्याचा खळखळाट झाला. ओलेपा लुंगी मांड्यांपर्यंत खोचून पाण्यातून येत होती. बायकांनी अशा वेळी किनाऱ्यावरच राहायचं असतं. ती निम्म्या वाटेत थांबली, एवढाच काय तो नियम पाळला.

"काय चाललंय दोघांचं? तिकडे डुक्कर करपतंय!"

"मामी, तुम्हीच सांगा यांना!" सामा ओरडला.

"दोघांनाही सांगते. अहो, तुम्हाला काय वाहायचंय? भाचा की राणी?"

"राणी!" लामेको म्हणाला.

"आणि तुला रे, कुणाला बसवायचं नाहीये मामाच्या पाठीवर? राणीला की तुझ्या बुडाला?"

"माझ्या... मला स्वतःला, मामी."

"मग झालं तर! तो कोट काय अंगाला शिवून आणलायस? काढ आणि घाल त्यांच्या पाठीवर! राणी त्या बटणांत आहे, तुझ्या पोटात नाही. तू चल मागून, भाच्यानं चालावं तसा!"

कापुआ भराभर कागद उलटू लागला. कोट एकटाच जाऊ शकतो की नाही, याबद्दल कागदात काही नव्हतं.

सामा हसायला लागला. पोट धरून, होडी हलेपर्यंत हसला. मग त्यानं बटणं सोडली, कोट काढला, बिल्ल्यासकट. विजारसुद्धा सरकारी आहे असं म्हणून तीही काढली, नावाड्याकडची जादा लुंगी नेसला आणि बूट कापुआच्या हातात दिले. "पुढच्या दौऱ्याला," कापुआ पुटपुटला, "मी रजा घेणार आहे."

मामाच्या डोक्याला हात लागू नये म्हणून सामानं कोट लांबूनच, जाळं टाकतात तसा, अलगद त्याच्या पाठीवर टाकला. लामेकोनं दोन्ही बाह्या पुढे ओढून हातात धरल्या, पाठुंगळीच्या पोराचे हात धरतात तशा. मग तो जरा उसळून कोट वर घेऊन म्हणाला, "नीट बसा हं, साहेब." आणि चालू लागला.

सामा पाण्यात उतरला आणि मागून निघाला, वाकून, मामापेक्षा वीतभर खाली डोकं ठेवून. मी होडीचा दोर सोडून त्यांच्या बाजूनं, आणि सगळ्यांत मागे बूट सांभाळत कापुआ.

"कसे आहेत?" सामानं मागून विचारलं.

"कोण?"

"साहेब. मांड्या काय म्हणतात?"

लामेकोनं विचार केला. "हलके आहेत. पण चांगले बसलेत. आवळत नाहीत."

निम्म्या वाटेवर तो मोठा खड्डा लागतो. लामेको इतका ऐटीत होता की या वेळी त्याचा पाय खरोखरच घसरला. तो एका अंगावर कलंडला, डावा हात पाण्यात गेला, हातातली बाही गेली, आणि म्हातारा आडवाच झाला असता. पण सामानं मागून त्याचं कोपर धरलं आणि तसंच धरून ठेवलं, वाळू येईपर्यंत.

"प्रवाळ वाढतं," लामेको म्हणाला.

"हो, मामा," गव्हर्नर जनरल म्हणाले.

किनाऱ्यावर खरी पंचाईत झाली. पोलिसाला सलाम ठोकायचा होता, आणि समोर पाठीवर कोट घेतलेला लामेको, मागे लुंगीतला ओलाचिंब साहेब. त्यानं डोळे मिटून दोघांच्या मधल्या हवेला सलाम केला. फुलांचं कडं घेऊन उभ्या असलेल्या मुलीला सांगितलेलं होतं, कोट दिसला की डोक्यावर घाल. तिनं लामेकोच्या डोक्यावर घातलं. ते त्यानं रात्रीपर्यंत काढलं नाही.

दुपारी सभाघरात पानं मांडली तेव्हा वाद निघाला. निघणारच होता. कासववाल्या खांबाचा म्हातारा म्हणाला, कोट वाहणं म्हणजे गव्हर्नर वाहणं नव्हे, उद्या कुणी टोपी वाहील आणि बोलायला उभा राहील. दुसरा म्हणाला, शिवाय डावी बाही ओली आहे, मी पिळून पाहिली. सगळे तेफोतोकडे बघू लागले. तेफोतोनं कोट मागवला. पाहुण्यासाठी चटयांची थप्पी घातली होती, तिच्यावर तो पसरून ठेवला होता, कारण सामा मामापेक्षा उंच बसायला तयार नव्हता आणि खाली जमिनीवर बसला होता. तेफोतोनं बाही चाचपली, नाकाला लावली, कोट परत चटयांवर ठेवायला दिला. त्याला हवं ते म्हणायची हीच वेळ होती, आणि ते त्याला ठाऊक होतं. त्यानं लामेकोकडे पाहिलं. लामेको खांबाला टेकून, फुलांचं कडं डोक्यावर, कुठेच बघत नव्हता.

"टाच मारणारा साहेब बुडापर्यंत भिजला होता," तेफोतो म्हणाला. "तेव्हा खांब बोलला. मग बाहीचं काय घेऊन बसलात? खांब बोलेल."

मग त्यानं सुस्कारा टाकला आणि मागे हात करून आपली उशी ओढली. सभाघरात सगळीकडे उश्या सरकल्याचा आवाज झाला. आयांनी पोरांची डोकी मांडीवर घेतली. लामेकोची पाळी यायला पुष्कळ वेळ होता, आधी शंखवाला, मग वाटेवाला, मग कोण कोण, पण लोकांनी तयारी आतापासूनच केली.

पाळी आली तेव्हा उन्हं कलली होती. लामेको उठला. एक हात खांबावर ठेवला, जिथे एतीचा हात टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झालं आहे तिथे.

"आदरणीय मुखिया," तो म्हणाला. "आदरणीय खांबहो."

ओलेपानं वर बघितलं.

लामेकोनं भाच्याकडे पाहिलं. चटयांवरच्या कोटाकडे पाहिलं. मग त्याची नजर छपराच्या झापांखालून बाहेर गेली. सूर्य समुद्रापासून दोन हात वर होता.

"माडाची वेळ झाली," तो म्हणाला आणि निघाला.

कुणाला कळेचना. काही जण तर आधीच झोपले होते, त्यांना उठवून सांगावं लागलं की संपलं. तेफोतो उशीवर उठून बसला. "एवढंच?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क राग होता.

मामा उठल्यावर भाचा बसून राहत नाही. सामा वाकून वाकून सभाघराबाहेर पडला. "साहेब," कापुआ मागून कुजबुजला, "अजून चार भाषणं आहेत!"

"गव्हर्नर जनरल बसलेत ना," सामा म्हणाला. चटयांवर कोट होता तसाच होता, सोनेरी बटणं चमकत होती. कापुआ त्याच्या शेजारी जाऊन बसला. उरलेली चारही भाषणं कोटानं ऐकली, आणि बेटावर अजून बोललं जातं की इतक्या शांतपणे आजवर कुठल्याच साहेबानं ऐकली नव्हती.

मी माडाखाली पोहोचलो तेव्हा लामेको निम्म्यावर होता. खाली सामा रिकाम्या करवंट्या धरून उभा.

"मामा, भाषणात काय सांगणार होता?"

"ऐकायचंय?"

"हो."

"मोठं आहे ते. उद्या सकाळी जहाज किती वाजता?"

"सहाला."

"मग राहू दे." तो शेंड्यात शिरला, झावळी बाजूला केली. मग सुरी पोयीवरून फिरल्याचा बारीक आवाज आला, आणि त्या दोन गाण्यांपैकी एक सुरू झालं.

"करवंटी बांध रे दोरीला," गाण्याच्या मधूनच तो म्हणाला. "आणि गाठ नीट मार. मागल्या वेळी सुटली होती."